महापौरांची शाळा आणि आईचं मत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१९९९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. आमच्या कुर्ल्याच्या घरी फोन येऊन दोनच वर्षं झाली होती. परदेशातून फोन आला की घरातली माणसं हातातलं काम टाकून भोवती जमायची. फोन माझ्या धाकट्या बहिणीचा होता, न्यूयॉर्कहून. सलाम-दुआ झाली, अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग ती म्हणाली, "भाई, आज मी मत देऊन आले."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती १९९५ साली चार वर्षांच्या मुलाचं बोट धरून तिकडे गेली. नवरा टॅक्सी चालवायचा. राहण्याचा, काम करण्याचा परवाना होता, पण नागरिकत्व नव्हतं. इथे असताना मतदारयादीत तिचं नाव कधी आलं नाही आणि नाव यायच्या आत लग्न होऊन गेली. तिनं मत दिलं कुणाला? आणि दिलं कसं?

"शाळेच्या मंडळाला," ती म्हणाली. "नागरिक नसलं तरी चालतं. मुलगा शाळेत आहे ना, तेवढं पुरतं."

तेवढं पुरतं! हे दोन शब्द माझ्या मनात घर करून राहिले. त्यांवर कविता करायचा प्रयत्नही मी केला, ती जमली नाही. आज त्या मताविषयीच बोलणार आहे. कारण पुढे तीनच वर्षांत ते मत गेलं. न्यूयॉर्क शहरातल्या सगळ्या शाळा एका माणसाच्या, म्हणजे महापौराच्या हाती आल्या, आणि 'माझं मूल तुमच्या शाळेत आहे' असं म्हणणाऱ्या आईबापांनी कुणाचं दार ठोठवायचं, हा प्रश्न तिथे उभा राहिला.

आधी एक खुलासा करतो. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटलं की टाय लावलेली मुलं आणि भरमसाट फी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली, वस्तीतल्या सगळ्यांसाठीची शाळा. आपल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेसारखी. मी स्वतः म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो. घरची बोली कोकणी, मोहल्ल्यातली बहुतेक मुलं उर्दू शाळेत. अब्बांनी मात्र मला मराठी वर्गात बसवलं, म्हणून आज तुमच्यासमोर या भाषेत बोलतो आहे. तेव्हा या विषयाकडे मी त्या बाकावरूनच पाहतो आहे, हे तुम्ही लक्षात ठेवावं.

दुसरा खुलासा महापौराविषयी. आपला महापौर सभागृहात अध्यक्षस्थानी बसतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, आणि कारभाराच्या किल्ल्या असतात आयुक्तांकडे. न्यूयॉर्कचा महापौर तसा नाही. त्याला लोक थेट निवडून देतात. पोलीस, अग्निशमन, कचरा, सगळं त्याच्या हाताखाली चालतं. फक्त शाळा पूर्णपणे त्याच्या हाताखाली नव्हत्या. का नव्हत्या, त्याला इतिहास आहे.

१९६८ साली न्यूयॉर्कमध्ये शाळांवरून मोठा भडका उडाला. ब्रुकलिनमधल्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या वस्तीत बहुतेक लोक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोचे. आमच्या मुलांच्या शाळा आम्ही चालवू, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांना प्रयोग म्हणून स्थानिक मंडळ मिळालंही होतं. त्या मंडळानं काही शिक्षकांना दुसरीकडे पाठवायचं ठरवलं. शिक्षकांच्या संघटनेनं संप पुकारला. शिक्षकांत गोरे, त्यातही ज्यू, जास्त होते. त्यामुळे भांडणाला वर्णाचा आणि धर्माचा रंग चढला. त्या शरद ऋतूत मिळून शाळांचे ३६ दिवस बुडाले आणि दहा लाखांहून जास्त मुलं घरी बसली. दोन्ही बाजूंना न्यायाची थोडी थोडी बाजू होती, आणि अशीच भांडणं सर्वांत वाईट चिघळतात.

त्यातून १९६९ चा कायदा आला. शहराचे शालेय विभाग पाडले, पुढे ते ३२ झाले. प्रत्येक विभागाला लोकांनी निवडलेलं नऊजणांचं मंडळ. आणि त्या निवडणुकीत मत कुणाला? मतदाराला तर होतंच, शिवाय शाळेतल्या मुलांच्या आईबापांना, मग ते देशाचे नागरिक असोत वा नसोत. डॉमिनिकन आई, चिनी बाप, हैतीहून आलेली आजी पालक असेल तर ती, आणि तीस वर्षांनी आमची कुर्ल्याची मुलगी. तिच्या आयुष्यातलं पहिलं मत हे असं पडलं.

हे ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तेही तिनंच सांगितलं. लांबलचक मतपत्रिका, पसंतीचे आकडे टाकायचे, ओळखीचं एकही नाव नाही. शेजारच्या बाईनं सांगितलेल्या तीन नावांपुढे तिनं एक, दोन, तीन लिहिलं आणि ती बाहेर आली. केंद्रावर रांग नव्हतीच. त्या वर्षी सगळ्या शहरात पाच टक्के मतदानसुद्धा झालं नाही. ज्याच्यामागे संघटना किंवा स्थानिक पुढाऱ्याचं पाठबळ, तो निवडून यायचा. काही मंडळांत नोकऱ्यांचं वाटप चालायचं. मुख्याध्यापकाची जागा कुणाच्या मेहुण्याला, मदतनिसाची जागा कुणाच्या कार्यकर्त्याला. चौकश्या झाल्या, मंडळं बरखास्त झाली, १९९६ साली कायदा बदलून मंडळांचे बरेच अधिकार काढून घेतले गेले. वर एक मध्यवर्ती मंडळ होतं सातजणांचं. त्यात दोघं महापौरांनी नेमलेले आणि पाच जण शहराच्या पाच भागांच्या अध्यक्षांचे. निकाल वाईट लागला की महापौर मंडळाकडे बोट दाखवायचा आणि मंडळ महापौराकडे. छप्पर गळतं आहे तर दुरुस्ती कुणी करायची, या प्रश्नाला उत्तर देणारा माणूसच सापडायचा नाही. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेल्याला हे समजावून सांगायला नको.

म्हणून २००२ च्या जूनमध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला आणि शाळा महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या हवाली केल्या, तेव्हा पुष्कळ पालकांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या बहिणीनंही. ब्लूमबर्ग म्हणत होते, मला जबाबदार धरा, काम आवडलं नाही तर पुढच्या निवडणुकीत घरी पाठवा. हे बोलणं रोखठोक होतं. सुमारे ११ लाख मुलं, हजाराहून जास्त शाळा, आणि त्यांचा धनी एक. त्यांनी शाळाखात्याचं मुख्यालय ब्रुकलिनमधून उचललं आणि आपल्या कचेरीच्या पाठीमागे ट्वीड कोर्टहाउसमध्ये आणलं. ही इमारत बांधताना एकोणिसाव्या शतकात एवढा पैसा खाल्ला गेला, की ती त्यासाठीच प्रसिद्ध आहे. भ्रष्टाचार संपवायला निघालेल्यांनी नेमकी तीच जागा निवडावी, याची मला गंमत वाटते. खात्याच्या प्रमुखपदी, म्हणजे चॅन्सेलर म्हणून, जोएल क्लाइन आले. ते वकील होते. मायक्रोसॉफ्टवरच्या सरकारी खटल्यामुळे त्यांचं नाव झालेलं.

जुनं मध्यवर्ती मंडळ गेलं, तेरा जणांचं नवं आलं. त्यांतले आठ महापौरांनी नेमलेले. निवडून येणारी ३२ मंडळं गेली. त्यांच्या जागी पालकांच्या सल्लागार समित्या आल्या, पण त्यांना मत द्यायचं कुणी? प्रत्येक शाळेतल्या पालकसंघाच्या तीन पदाधिकाऱ्यांनी. बाकीच्या आईबापांचं मत गेलं. ते गेलं तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही, हेही खरं. पाच टक्क्यांच्या आत वापरल्या जाणाऱ्या वस्तूसाठी कोण रडणार? बहिणीला तर ते गेल्याचं कळलं दोन वर्षांनी.

ती रात्र होती १५ मार्च २००४ ची. ब्लूमबर्गना नियम करायचा होता, की तिसरीतल्या मुलांना परीक्षेत अगदी खालची श्रेणी मिळाली तर वर ढकलायचं नाही. नियम चूक की बरोबर, यावर आपल्याकडेही आठवीपर्यंत नापास न करण्यावरून किती वाद झाले, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण तेरा जणांच्या मंडळात काही सदस्यांना शंका होत्या. आठ वर्षांच्या पोराला मागे ठेवणार, तर त्याला मदत काय देणार? मतदानाला काही तास उरले असताना महापौरांनी आपले दोन सदस्य काढून टाकले. स्टेटन आयलंडच्या अध्यक्षांनी आपला एक बदलला. नवे तिघे आले, बसले, हात वर केले. ठराव आठ विरुद्ध पाच असा मंजूर. महापौरांनी लपवाछपवी केली नाही. महापौरांचं नियंत्रण म्हणजे महापौरांचंच नियंत्रण, ही माणसं माझी प्रतिनिधी आहेत, असं त्यांनी उघड सांगितलं.

मला त्या उघडपणाचं कौतुकही वाटतं आणि भीतीही. नियम कदाचित चांगला असेल. पण ज्यांच्या मुलांवर तो लागू होणार होता, त्यांना त्या रात्री समजलं, की समोर बसलेल्या मंडळाला आपण काहीही पटवून दिलं तरी उपयोग नाही. पटलेला माणूस सकाळपर्यंत त्या खुर्चीत असेलच असं नाही.

मग बसगाड्यांचं प्रकरण झालं. २००७ चा जानेवारी संपत आलेला, हाडं गोठवणारी थंडी. निविदा न मागवता नेमलेल्या सल्लागारांनी पैसे वाचवण्यासाठी शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांचे मार्ग नव्यानं आखले, आणि वर्षाच्या मध्येच, २९ जानेवारीला, ते लागू केले. मुलं थांब्यांवर कुडकुडत राहिली. काहींची बसमधली जागाच गेली आणि हातात शहराच्या सार्वजनिक बसचा पास आला. पूर्वी विभागाच्या कचेरीत जाऊन एखाद्या बाईसमोर टेबलावर हात आपटता यायचा. आता शहराच्या मदतकेंद्राला, ३११ या क्रमांकाला, फोन करायचा. फोन उचलणारी मुलगी नम्रपणे तक्रार लिहून घ्यायची. नम्रपणे लिहून घेतलेली तक्रार कुठे जाते, हे सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला विचारा. पुढे काही मार्ग पूर्ववत झाले, पण ते ओरड झाल्यावर.

फोनवरून आठवलं. शाळेत मोबाइल आणायला बंदी होती आणि २००६ च्या वसंतात धातुशोधक यंत्रं लावून ती कडक झाली. वर्गात फोन वाजू नये, हे कुणालाही पटेल. पण त्या शहरातल्या आयांना ११ सप्टेंबर २००१ ची सकाळ विसरता येत नव्हती. आपलं मूल कुठे आहे, हे न कळता काढलेले ते तास! वर्गात बंद ठेवू द्या, पण येताजाता जवळ असू द्या, एवढंच पालक मागत होते. ते कोर्टात गेले, हरले. मग बाजारानं आपला मार्ग काढला. शाळेजवळच्या दुकानांतून, पुढे शाळेसमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांतून, दिवसाला एक डॉलर घेऊन मुलांचे फोन सांभाळायचा धंदा सुरू झाला. माझा थोरला भाचा तेव्हा हायस्कुलात होता. शाळेचे दिवस वर्षाला १८०, म्हणजे १८० डॉलर. बहिणीनं हिशेब करून सांगितलं, "भाई, फुकटच्या शाळेची ही फी." पालकांच्या संघटना, नगरपरिषदेतले सदस्य, सगळे विरोधात असतानाही बंदी हलली नाही. हलली ती २०१५ च्या मार्चमध्ये, महापौर बदलल्यावर. आता तर राज्यानंच शाळेच्या वेळेत फोनला बंदी घातली आहे, ते निराळं.

या सगळ्यात चांगलं काहीच झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. शिक्षकांचे पगार वाढले. हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. २००३ पासून शाळाशाळांतून पालकांसाठी एक खास माणूस नेमला गेला, आणि त्यांतल्या कितीतरी बायांनी मनापासून काम केलं. पण सगळा कारभार एकाच्या नावावर असला, की यशाचे आकडेही त्याच्याच नावावर असतात, आणि मग आकड्यांचा मोह सुटत नाही. २००९ साली शहरातली ८२ टक्के मुलं गणितात उत्तीर्ण श्रेणीत होती. २०१० साली राज्यानं कसोटी कडक केली आणि तेच प्रमाण ५४ वर आलं. मुलं तीच, मास्तर तेच. घरी आलेल्या प्रगतिपुस्तकावर विश्वास ठेवलेल्या आईला काय वाटलं असेल?

दुसऱ्या बाजूचं सर्वांत जोरदार उदाहरण ब्लूमबर्गनंतरच्या महापौरांनी दिलं. बिल डी ब्लासिओ २०१४ च्या जानेवारीत आले आणि त्याच सप्टेंबरात चार वर्षांच्या ५० हजारांहून अधिक मुलांना पूर्ण दिवसाचा मोफत बालवर्ग मिळाला. नऊ महिन्यांत! बत्तीस मंडळं असती तर नऊ महिने सभेची तारीख ठरवण्यात गेले असते. माझ्या भाच्याची मुलगी पुढे त्याच योजनेतल्या बालवर्गात गेली. तेव्हा एकाच्या हाती सत्ता असण्याचा फायदा आमच्या घरानंही घेतला आहे, हे कबूल करतो.

मात्र २६ जानेवारी २०१० ची सभा मला विसरता येत नाही. मी तिथे नव्हतो, बहीण होती. त्या रात्री १९ शाळा बंद करण्यावर मत घ्यायचं होतं. बंद म्हणजे एकेक इयत्ता कमी करत शाळा संपवायची, तिच्या इमारतीत नव्या छोट्या शाळा भरवायच्या. कायद्याची मुदत २००९ मध्ये संपली होती, ती वाढवून देताना विधिमंडळानं अट घातली होती, की शाळा बंद करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं. म्हणून ब्रुकलिनच्या एका मोठ्या हायस्कूलच्या सभागृहात ही ऐकण्याची सभा. बहिणीची मुलं त्या एकोणिसांतल्या शाळेत नव्हती. शेजारणीचा मुलगा होता, म्हणून ही तिच्याबरोबर गेली. बोलायचं म्हणून कागदावर इंग्रजीत लिहून घेतलं. वर्गात नव्यानं आलेली, इंग्रजी न येणारी मुलं किती, त्यांना कुठे पाठवणार, असं काहीसं. बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं. नावं शेकड्यांनी. मुलं रडली, जुने विद्यार्थी ओरडले, मास्तर भांडले. बारा वाजले, एक वाजला. बहिणीला दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं. नाव पुकारलं जायच्या आत ती उठली आणि रात्रीच्या गाडीनं घरी आली. पहाटे तीनच्या पुढे मतदान झालं. महापौरांनी नेमलेल्यांपैकी एकही वेगळा गेला नाही.

तो कागद तिनं मला फोनवर वाचून दाखवला. घड्याळ लावून. एक मिनिट पन्नास सेकंद.

पुढे शिक्षकसंघटना आणि कृष्णवर्णीयांची जुनी संस्था एनएएसीपी कोर्टात गेली, आणि लोकांना कायद्यानं सांगितल्याप्रमाणे माहिती दिली नाही म्हणून कोर्टानं ती १९ शाळांची बंदी अडवली. म्हणजे जे आईबापांच्या दोन मिनिटांनी झालं नाही ते वकिलांनी केलं. पण काही शाळा पुढच्या वर्षी पुन्हा यादीत आल्या आणि बंद झाल्याच. शिकागोतही १९९५ पासून शाळा महापौरांच्या हाती होत्या. तिथे २०१३ साली एकदम ५० च्या आसपास शाळा बंद झाल्या, आणि शेवटी लोकांनी निवडलेलं मंडळ आणायचा कायदा झाला. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथे पहिल्यांदा शाळामंडळासाठी मतदान झालं.

आता थोडं ईदविषयी. २००६ च्या जानेवारीत राज्याची इंग्रजीची परीक्षा नेमकी बकरी ईदच्या दिवशी आली. नमाजला जायचं की पेपरला, असं मुलांपुढे आलं. त्यातून ईदच्या दोन सुट्ट्यांची मागणी उभी राहिली. मुस्लिम पालक होतेच, ख्रिस्ती आणि ज्यू मंडळीही बरोबर होती. २००९ च्या जूनमध्ये शहराच्या नगरपरिषदेनं बाजूनं ठराव केला. पण शाळेचं वेळापत्रक महापौरांच्या हाती. ब्लूमबर्ग म्हणाले, एकेका धर्माला सुट्टी देत गेलो तर शाळा भरणार कधी? ठराव तसाच राहिला. मग डी ब्लासिओंनी निवडणुकीत शब्द दिला आणि २०१५ च्या मार्चमध्ये पाळला. २४ सप्टेंबर २०१५ ला बकरी ईदनिमित्त न्यूयॉर्कच्या शाळा पहिल्यांदा बंद राहिल्या. दिवाळीची सुट्टी २०२३ साली राज्याच्या कायद्यानं मिळाली, पहिली सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ ला.

बहिणीच्या घरी त्या दिवशी बिर्याणी झाली, आम्हाला फोटो आले. मीही खूश होतो. पण रात्री मनात आलं, की नगरपरिषदेचा ठराव, सह्या, मोर्चे, यांनी सहा वर्षांत जे झालं नाही, ते एका माणसाच्या होकारानं झालं. ज्या हातानं दिलं, तशाच हातानं आधी नाकारलं होतं. मागणारे आईबाप दोन्ही वेळी रांगेतच होते.

तुम्ही म्हणाल, न्यूयॉर्कचं एवढं सांगतोस, मुंबईचं काय? मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. एवढ्या भाषांतून शिकवणारं दुसरं शहर शोधावं लागेल. त्यांच्यावर नगरसेवकांची शिक्षण समिती असते. पण मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवक नाहीत, शिक्षण समिती नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. न्यूयॉर्ककरांना निदान चार वर्षांनी महापौर बदलता येतो. प्रशासकाला कोण बदलणार? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती ठेवली, तिच्यात पाऊण सदस्य पालक, निम्म्या बायका. कागदावर ही तरतूद न्यूयॉर्कपेक्षाही पुढची आहे. आमच्या वस्तीतली एक बाई अशा समितीवर होती, धुण्याभांड्याची कामं करणारी. तिला विचारलं, सभेत काय होतं? ती म्हणाली, "सभा कुठली, वही घरी येते. मी सही करते." शाळेचं नाव सांगत नाही. शिपाई वही घेऊन दोन जिने चढून येतो, तोही बिचारा दमलेला असतो.

तिकडे लढणाऱ्या पालकांना अगदीच काही मिळालं नाही, असं नाही. महापौर-नियंत्रणाचा कायदा कायमचा नाही, मुदतीचा आहे. आपल्याकडे भाडेकरू अकरा महिन्यांचा करार नवा करत राहतो, तसं महापौराला राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, जावं लागतं. डी ब्लासिओंना तर दोनदा एकेकच वर्षाची मुदत मिळाली. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी पालक काहीतरी पदरात पाडून घेतात. २०२१ पासून सल्लागार समित्यांसाठी पुन्हा सगळ्या पालकांना मत मिळालं. २०२२ साली मध्यवर्ती मंडळ २३ जणांचं झालं. त्यातले १३ महापौरांचे, म्हणजे बहुमत त्यांचंच. पण विरोधात मत दिलं म्हणून सदस्याला काढता येणार नाही, असं कायद्यात लिहिलं गेलं. २००४ च्या त्या रात्रीनंतर हे वाक्य यायला अठरा वर्षं लागली. २०२४ साली मिळालेली मुदत जून २०२६ पर्यंतची होती.

आणि मग आले झोहरान ममदानी. न्यूयॉर्कचे पहिले मुस्लिम महापौर, आपल्या 'सलाम बॉम्बे'वाल्या मीरा नायर यांचे चिरंजीव. मोहल्ल्यात पेढे वाटायचंच काय ते बाकी राहिलं होतं. प्रचारात ते म्हणाले होते, महापौरांचं हे नियंत्रण संपवू. ३१ डिसेंबर २०२५ ला, सूत्रं हाती घेण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी सांगितलं, की नियंत्रण चालू ठेवावं असंच आपण विधिमंडळाला सांगू, पालकांना मात्र त्यात खरा वाटा देऊ. लोकांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटलं? मला वाटलं, खुर्ची फार ऊबदार असावी. आपला माणूस, परका माणूस, असा यात प्रश्न नाही. बहिणीला मी हे बोलून दाखवलं तर ती रागावली. "तूच म्हणायचास ना, मंडळात मेहुण्यांची भरती व्हायची? त्याला निदान काम करू दे." आमचं दोघांचं यावर एकमत नाही.

२०२५ च्या वसंतात तिची सून, भाच्याची बायको, पालकसमितीसाठी मत देत होती. मुलगी बालवाडी संपवून पहिलीत जाणार होती. सून सोफ्यावर बसून मोबाइलवरच उमेदवारांची नावं वाचत होती. बहिणीनं विचारलं, या समितीला अधिकार काय? सून म्हणाली, शाळांच्या हद्दी ठरवणं, बाकी बहुतेक सल्ला. बहिणीनं चष्मा लावला आणि सगळी नावं स्वतः एकदा वाचली. मग विचारलं, "यासाठी शाळेत जायचं नाही का?"

"नाही अम्मी, इथूनच होतं."

"बरं," ती म्हणाली, "पण घाई करू नकोस. यांनी काय काय लिहिलंय, ते वाच आधी."